चार लाखांची सुई

नातेपुते, माळशिरस, अकलूज या पट्ट्यात सत्तरी गाठलेल्या माणसाला पेनिसिलिनची ‘टेस्ट’ समजावून सांगावी लागत नाही. स्टोव्हवर उकळलेली काचेची सिरिंज, बाटलीतल्या पांढऱ्या भुकटीत सोडलेलं डिस्टिल्ड वॉटर, मग हाताच्या आतल्या बाजूला कातडीत थेंबभर औषध. पंधरा-वीस मिनिटं बाकावर बसायचं. गांधी उठल्या, खाज सुटली तर सुई रद्द. नाहीतर कमरेत ‘चार लाखांची’ प्रोकेन पेनिसिलिन. लाख रुपयांचे नव्हेत, युनिटांचे.

पेनिसिलिन येण्याआधी कान ठणकला की लसूण घालून कडकवलेलं तेल, नाक चोंदलं की ओव्याची पुरचुंडी. कानातला पू मागच्या हाडात शिरला तर हाड कोरण्यावाचून इलाज नसे आणि तो मेंदूपर्यंत पोचला तर माणूस दगावे.

फ्लेमिंग या शास्त्रज्ञाला 1928 मध्ये पेनिसिलिन सापडलं, पण ऑक्सफर्डमध्ये अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला ते टोचलं गेलं फेब्रुवारी 1941 मध्ये. तो सुधारू लागला. औषध इतकं अपुरं, की त्याच्या लघवीतून गाळून पुन्हा वापरलं. तरी साठा संपला आणि तो मार्चमध्ये गेला. इकडे भारत सरकारने पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स काढली, तीही जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने. पुढच्याच वर्षी पेनिसिलिन तिथं बनू लागलं.

मग सुईची चटकच लागली. नुसत्या गोळ्या देणारा डॉक्टर लोकांना कच्चा वाटू लागला. पण पडदा फाटून वर्षानुवर्षं वाहणाऱ्या कानात अनेकदा स्युडोमोनास जंतू असतात, त्यांना पेनिसिलिन बाधत नाही. पिंपरीतच पुढे बनू लागलेल्या स्ट्रेप्टोमायसिनने क्षयाचे रोगी वाचवले खरे, पण काहींचा तोल गेला, काहींची ऐकण्याची शक्ती. बाकावरच्या टेस्टमध्ये कळे ती फक्त ॲलर्जी. या दुखण्यावर हे औषध चालतं का, ते तिथं कळायची सोयच नव्हती.

जुनाट सायनसवरच्या नव्या सुईची, डुपिलुमॅबची, परीक्षा निराळी झाली. ती जंतू मारत नाही, दाह पेटवणारे शरीरातले निरोप अडवते. नाकात मांस वाढलेल्या 724 रुग्णांवर दोन चाचण्या झाल्या. काहींना औषध, काहींना नुसतीच सुई, आणि कोणाला काय मिळतंय हे ना रुग्णाला ठाऊक, ना डॉक्टरला. 2019 मध्ये अमेरिकेने तिला या आजारासाठी मान्यता दिली. कानाच्या जुनाट दाहावर मात्र तिचे अनुभव अजून थोड्याच रुग्णांवरचे आहेत.