मुंबईत डॉक्टर घडले, पण कोणत्या भाषेत?

मुंबईतल्या वैद्यकीय शिक्षणाची सुरुवात म्हटलं की आपण चटकन ग्रँट मेडिकल कॉलेज आणि १८४५ हे साल सांगतो. आज आपण त्याच्याही एकोणीस वर्षं मागे जाऊ.

१८२६ मध्ये सरकारने मुंबईत एक वैद्यकशाळा काढली. प्रमुख होते डॉ. जॉन मॅक्लेनन. शिकवायचं पाश्चात्य वैद्यक, पण देशी भाषांतून. आता अडचण बघा. मराठीत तशी पुस्तकंच नव्हती. ती आधी तयार करायची आणि मग शिकवायची. मॅक्लेनन यांनी ते कामही अंगावर घेतलं. पण १८३२ मध्ये सरकारने शाळा बंद केली. सहा वर्षांत एखाद्या भाषेत नवं शास्त्र रुजतं का, हे आपणच ठरवा.

पुढे गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट यांनी हा विषय पुन्हा हाती घेतला. १८३८ मध्ये ते वारले आणि त्यांच्या नावाने कॉलेज उभं राहिलं. लागूनच जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून रुग्णालय झालं. हा शेजार फार मोलाचा. पुस्तकात वाचलेला ताप विद्यार्थ्याला खाटेवरच्या माणसात बघायला मिळू लागला.

मात्र शिक्षणाची भाषा आता इंग्रजी होती. १८५१ मध्ये पहिले आठ पदवीधर बाहेर पडले. त्यांत भाऊ दाजी लाड होते, पुढे प्रार्थना समाजाच्या स्थापनेत पुढाकार घेणारे आत्माराम पांडुरंग होते, वनस्पतींचे अभ्यासक लिस्बोआ होते. माणसं कर्तबगार, यात शंका नाही. पण इंग्रजी येत नाही त्याला या दारातून प्रवेश नव्हता.

१८६१ मध्ये याच कॉलेजात मराठी आणि गुजराती वर्ग सुरू झाले. म्हणजे मराठी परत आली का? आली, पण दवाखान्यातले सहायक तयार करण्यासाठी. पदवी इंग्रजीतच राहिली. आमच्या मते खरी मेख इथे आहे. भाषेवरून डॉक्टरांच्या दोन पायऱ्या पडल्या.

रोगी मात्र आपल्याच भाषेत बोलत राहिला. ‘अंग मोडून आलंय’, ‘जीव घाबरा होतोय’ असं तो आजही सांगतो, आणि इंग्रजीत शिकलेल्या डॉक्टरला निदानाची सुरुवात तिथूनच करावी लागते.