टँगोची उमेदवारी

1940च्या दशकात ब्यूनोस आयर्समध्ये टँगो शिकू पाहणाऱ्या तरुणाला पहिले कित्येक महिने मुलीचा हातही धरायला मिळत नसे. ‘प्राक्तिका’ नावाच्या सराव-बैठकींत पुरुषच पुरुषांना शिकवत. नवख्याने आधी बाईची बाजू नाचायची, दुसऱ्याच्या इशाऱ्यावर मागे पावले टाकायची. ती अंगात मुरली, की मग जोडी चालवण्याची पाळी.

या रिवाजाचे मूळ जुने. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इटली-स्पेनमधून आलेल्या स्थलांतरितांत पुरुषच फार. बायका कमी, नाचणारे उदंड. कच्चा गडी कोणाला हवा?

खरी कसोटी मिलोंगात, म्हणजे नाचाच्या बैठकीत. तिथे आमंत्रण तोंडाने द्यायचे नाही; दुरून एखादीशी नजर भिडवायची, मान किंचित हलवायची. तिनेही मान हलवली, तर स्वर्ग दोन बोटे उरायचा. नजर वळवली, तर नकार मुकाट गिळायचा. चारचौघांत शोभा तरी होत नसे. जोडी तीन-चार गाण्यांची ‘तांदा’ संपेपर्यंत एकत्र राही. मध्येच कोणी ‘ग्रासियास’ (धन्यवाद) म्हटले, की समजायचे: पुरे झाले!

1955मध्ये अर्जेंटिनाचे राष्ट्राध्यक्ष पेरोन यांची सत्ता उलथली, पुढे रॉक संगीताची लाट आली आणि टँगो मागे पडला. 1983मध्ये पॅरिसमध्ये ‘तांगो आर्जेंतिनो’ हा कार्यक्रम गाजला, 1985मध्ये तो ब्रॉडवेवर पोहोचला आणि नव्या शिकाऊंची रीघ लागली.

2009मध्ये युनेस्कोने अर्जेंटिना आणि उरुग्वे या दोन्ही देशांच्या टँगोला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.