पापलेट लहान का झालं?

आमच्या अंधेरीच्या बचत गटांत वेसाव्याच्या कोळी मावशी आहेत. बोंबील सुकवून विकायचे नि कर्ज फेडायचं, हा त्यांचा हिशोब. हल्ली हप्ते लांबतात. त्याची मुळं जुनी आहेत.

वेसाव्याची डोळ जाळी समुद्रात बांधून ठेवतात, भरती-ओहोटीच्या ओढीनं म्हावरं आत येतं. बारीक पिल्लंही अडकतात, हे मावशी नाकारत नाहीत. पण पुढे ट्रॉलर वाढले, ते समुद्राचा तळच खरवडत निघाले. मग पर्ससीन आलं: अख्ख्या थव्याला वेढा घालून खालून दोरी आवळायची!

किनाऱ्यालगतचा समुद्र लहान मच्छिमारांसाठी राखायला राज्यानं १९८१मध्ये कायदा केला. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर २०१६मध्ये राज्याच्या हद्दीत पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा उरली. २०१७मध्ये केंद्रानं एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. तक्रारी मात्र थांबल्या नाहीत.

२०२३मध्ये पापलेट राज्यमासा झालं. त्याच वर्षी पकडण्याचं किमान माप ठरलं, १३५ मिलिमीटर. म्हणजे वीतभरही नाही. त्याहून लहान पापलेट बाजारात दिसतं, कारण तव्यात अख्खं मावतं म्हणून मागणाऱ्याही आपणच.