इंजिन ऑइल कधी बदलावे? आकडा पुस्तिकेत, उत्तर वापरात

मोटारीचे इंजिन ऑइल किती अंतराने बदलावे, या प्रश्नाला सर्व गाड्यांसाठी एकच आकडा उत्तर म्हणून देता येत नाही. भारतातील बहुतेक नव्या पेट्रोल मोटारींसाठी उत्पादक १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी पूर्ण होईल ते, अशी मर्यादा देतात. काही गाड्यांना १५,००० किलोमीटरची मुभा असते. मात्र हा आकडा सर्वसाधारण वापर गृहीत धरून ठरवलेला असतो. गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत पुढे ‘खडतर वापरा’साठी वेगळी आणि कमी मर्यादा दिलेली असते. अनेकदा ती जवळपास निम्मी असते. भारतीय वाहनचालकांपैकी पुष्कळांचा वापर याच दुसऱ्या प्रकारात मोडतो, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही.

बाजारहत्नूरचे उदाहरण

तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात बाजारहत्नूर हे मंडलाचे ठिकाण आहे. महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या या पट्ट्यात तेलुगू आणि गोंडीसोबत मराठीही बोलली जाते. नागपूर-हैदराबाद राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ जवळच्या इचोडा येथून जातो. एकाच गावातील गाड्यांचे वापर किती भिन्न असू शकतात, हे अशा ठिकाणी स्पष्ट दिसते. महामार्गावरून हैदराबादकडे जाणारी मोटार तासन्‌तास एका गतीने धावते. गावातून बाजारापर्यंत जाऊन परतणाऱ्या मोटारीचे इंजिन पुरते तापण्याआधीच बंद होते. शेतरस्त्यावरची जीप धुळीतून, पूर्ण भाराने, खालच्या गिअरमध्ये चालते. कापसाच्या हंगामात माल भरलेली वाहने रांगेत उभी असताना त्यांची इंजिने चालूच राहतात. या सर्वांच्या मीटरवर ५,००० किलोमीटर नोंदले गेले, तरी त्यांच्या ऑइलची अवस्था सारखी नसते.

हवामानाचाही परिणाम होतो. आदिलाबादचा उन्हाळा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचतो, तर हिवाळ्यातील रात्री पारा एक आकडी होतो. तेलंगणातील सर्वांत थंड भागांत या जिल्ह्याची गणना होते. कडक ऊन आणि गार सकाळ या दोहोंत एकच ऑइल काम करत असते.

ऑइल खराब का होते?

इंजिन ऑइलचे काम केवळ वंगणाचे नसते. पिस्टन आणि बेअरिंग यांची उष्णता वाहून नेणे, पिस्टन रिंग आणि सिलिंडर यांमधील फट भरून काढणे, काजळी धरून ठेवणे आणि धातूला गंजण्यापासून वाचवणे ही कामेही तेच करते. त्यासाठी मूळ तेलात विविध रसायने मिसळलेली असतात. तेल संपत नाही. ही रसायने मात्र खर्च होतात.

उष्णतेमुळे तेलाचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन ते दाट आणि आम्लयुक्त होते. तापमान दर १० अंशांनी वाढले की ही क्रिया ढोबळमानाने दुप्पट वेगाने होते. थोड्या अंतराच्या फेऱ्यांत याच्या उलट घडते. इंजिन पुरेसे न तापल्याने ज्वलनातून आलेले पाणी आणि न जळलेले इंधन ऑइलमध्येच राहते. पाण्यामुळे चिकट गाळ धरतो आणि इंधनामुळे ऑइल पातळ होते. धूळ मुख्यतः एअर फिल्टरमधून आत शिरते. तो फिल्टर सैल बसवलेला असेल, तर बारीक मातीचे कण ऑइलमध्ये मिसळून धातू घासतात. म्हणूनच धुळीच्या भागात ऑइलइतकेच लक्ष एअर फिल्टरकडे द्यावे लागते.

अंतर, काळ आणि तास

समजा, एखादी घरगुती मोटार महिन्याला ५०० किलोमीटर चालते. वर्षाकाठी तिचे अंतर ६,००० किलोमीटर होईल. या मोटारीसाठी १०,००० चा आकडा निरुपयोगी आहे. तिच्या ऑइलची मर्यादा वर्ष संपताच पूर्ण होते. याउलट, रोज १५० किलोमीटर चालणारी प्रवासी जीप महिन्यातले २५ दिवस धावली, तर ३,७५० किलोमीटर होतात. खडतर वापराची मर्यादा ५,००० किलोमीटर असेल, तर तिचे ऑइल साधारण ४० दिवसांत बदलण्यास येते. ‘दर सहा महिन्यांनी’ हा सरधोपट नियम पहिल्या मोटारीला अनावश्यक वाटेल, तर दुसरीला घातक ठरेल.

शेतकऱ्यांना हा विचार नवा नाही. ट्रॅक्टरचे ऑइल किलोमीटरवर नव्हे, तर तासांवर बदलले जाते. अनेक ट्रॅक्टरांत ही मर्यादा २५० तासांच्या आसपास असते. उभ्या वाहनाचे इंजिन चालू असले, तरी ऑइल झिजतच असते आणि अंतराचा मीटर मात्र हलत नाही. वारंवार रांगेत किंवा थांब्यावर इंजिन चालू ठेवणाऱ्या वाहनचालकांनी म्हणूनच मीटरवरील आकड्याआधीच ऑइल बदलणे योग्य.

दुसऱ्या टोकाची चूकही आढळते. अमेरिकेत दर ३,००० मैलांनी, म्हणजे सुमारे ४,८०० किलोमीटरनी, ऑइल बदलण्याची रूढी दीर्घकाळ होती. ऑइल आणि इंजिने सुधारल्यानंतर बहुतेक मोटारींना त्याची गरज उरली नाही. तेव्हा कॅलिफोर्नियाच्या शासनाने, गाडीच्या पुस्तिकेतील आकडा पाहा, असे आवाहन करणारी मोहीमच हाती घेतली. गरजेपेक्षा लवकर बदललेले ऑइल म्हणजे पैशाचा अपव्यय आणि घातक कचऱ्यात भर.

गोव्यातील वाहनांसाठी

गोव्यात धुळीपेक्षा दमटपणा आणि थोड्या अंतराच्या फेऱ्या हे मुद्दे महत्त्वाचे ठरतात. जून ते सप्टेंबर या काळात घर, बाजार आणि कार्यालय एवढ्याच फेऱ्या करणाऱ्या मोटारीच्या ऑइलमध्ये पाण्याचा अंश साठत जातो. पर्यटन हंगामानंतर महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या भाड्याच्या वाहनांनाही कालमर्यादा लागू होते. गाडी चालली नाही म्हणून ऑइल ताजे राहिले, असे होत नाही.

कोणते ऑइल निवडावे?

डब्यावरील ‘५डब्ल्यू-३०’ यांसारख्या आकड्यांतील ‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळ्यासाठीच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर आहे. पहिला आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहते ते दर्शवतो, तर दुसरा तापलेल्या इंजिनातील दाटपणा दाखवतो. उन्हाळा कडक म्हणून नव्या मोटारीत जाड ऑइल घालणे हिताचे नाही. अलीकडील अनेक पेट्रोल इंजिनांतील फटी आणि वाहिन्या ‘०डब्ल्यू-२०’ सारख्या पातळ ऑइलसाठीच आखलेल्या असतात. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांनंतर डिझेल मोटारींत काजळी अडवणारा फिल्टर आला. अशा मोटारींना कमी राख सोडणारेच ऑइल लागते. चुकीच्या ऑइलने हा महागडा फिल्टर लवकर तुंबतो. म्हणून दाटपणा आणि दर्जा हे दोन्ही पुस्तिकेशी जुळवून पाहावेत. नकली मालाची शक्यता लक्षात घेता सीलबंद डबा आपल्यासमोर उघडण्याचा आग्रह धरावा.

तपासणी आणि बदल

गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी दांडी पुसून पातळी पाहावी. ती दोन खुणांच्या मध्ये असावी. कमी ऑइल जितके वाईट, तितकेच जास्तही. जादा ऑइल घुसळले जाऊन फेसाळते. रंगावरून निर्णय घेऊ नये. डिझेल इंजिनात नवे ऑइलही लवकर काळे पडते. ते काजळी धरून ठेवत असल्याची ती खूण असते. मात्र ऑइल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी मिसळल्याचा संशय घ्यावा. पातळी आपोआप वाढली, तर इंधन मिसळल्याची शक्यता असते. दोन्ही वेळी मेकॅनिकला दाखवावे. ऑइलच्या दाबाचा लाल दिवा चालू इंजिनात लागला, तर इंजिन ताबडतोब बंद करावे. ‘पुढच्या गावापर्यंत जाऊ’ हा विचार इंजिन जाम करू शकतो. ज्या कुटुंबाचा चरितार्थ एका जीपवर चालतो, त्याच्यासाठी इंजिन उघडण्याचा खर्च आणि बुडालेले दिवस यांचा भार ऑइलच्या अनेक डब्यांहून मोठा असतो.

ऑइलसोबत ऑइल फिल्टरही बदलावा. चेंबर रॉकेल किंवा डिझेलने धुण्याची प्रथा टाळावी. आत राहिलेले थेंब नव्या ऑइलला पातळ करतात. बदलाची तारीख, मीटरचा आकडा आणि ऑइलची प्रत वहीत नोंदवावी.

जळक्या ऑइलचे काय करावे?

वापरलेले ऑइल २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येते. १ एप्रिल २०२४ पासून ऑइल उत्पादकांवरही त्याच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी टाकण्यात आली आहे. त्यात जड धातूंचे अंश असतात. ते जमिनीवर किंवा नाल्यात ओतल्यास विहिरीच्या पाण्यापर्यंत पोहोचू शकते, आणि जाळल्यास विषारी धूर होतो. झाकणाच्या डब्यात साठवून ते गॅरेजमार्फत नोंदणीकृत संकलकाकडेच द्यावे.

पुस्तिकेतील खडतर वापराचे पान एकदा वाचून आपली गाडी कोणत्या वर्गात बसते, हे प्रामाणिकपणे ठरवावे. त्यानंतर अंतर किंवा काळ, जे आधी येईल ते पाळणे एवढेच उरते.