लाखेची झिलई, तंतुवाद्यांवरील (जतन)

सतार, तंबोरा, गिटार आदी वाद्यांवरील लाखेचा किंवा लॅकरचा थर आधार, अस्तर व वेष्टन यांच्या स्पर्शाने बिघडू नये म्हणून घ्यावयाची काळजी.

मिरज येथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शिकलगार कुटुंबांतून तंतुवाद्यनिर्मिती सुरू झाली (→ मिरज). तेथील सतार व तंबोऱ्यास २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. परंपरागत झिलईत चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून तिचे पातळ हात बोळ्याने एकावर एक देतात (→ लाख). गिटारीवर विसाव्या शतकात नायट्रोसेल्युलोज लॅकर रूढ झाले.

लाख उष्णतेने मऊ पडते, स्पिरिटने विरघळते आणि दमटपणाने पांढुरकी होते. हात निर्जंतुक करण्याचे अल्कोहोलयुक्त द्रवही तिला घातकच. अहमदपूर, नांदेडकडील चाळीस अंशांपुढच्या उन्हाळ्यात बंद मोटारीत ठेवलेल्या वाद्यावर गवसणीच्या कापडाची वीण उमटू शकते. नायट्रोसेल्युलोजचे शत्रुत्व मुख्यतः रबर व व्हिनाइलशी: त्यांतील मऊपणा आणणारी द्रव्ये लॅकरमध्ये शिरतात, मान टेकते तेथे व बुडाशी थर चिकट होतो, डागाळतो. नुसते घासून हा डाग जात नाही. म्हणून स्टँडच्या गाद्यांवर धुतलेले, न रंगवलेले सुती कापड गुंडाळतात; पातळ कापडातून द्रव्ये झिरपू शकत असल्याने ते वरचेवर बदलावे लागते. तंबोऱ्याच्या भोपळ्याखाली कापडी चुंबळ पुरते.

लाखेचा नवा हात जुन्या थरात मिसळत असल्याने तिची दुरुस्ती सुकर असते. पॉलियुरेथेन थराला (→ बहुवारिके) रबर व व्हिनाइलचा धोका बराच कमी असतो.