ब्रुग्शची शाळा

शाँपोलियाँ या फ्रेंच विद्वानानं १८२२ मध्ये इजिप्तची चित्रलिपी उलगडली, हे आपण कुठं ना कुठं वाचलेलं असतं. पण प्राचीन इजिप्तमध्ये आणखी एक लिपी होती. डेमॉटिक, म्हणजे लोकांची लिपी. देवळांच्या भिंतींवर चित्रलिपी कोरली जाई. खरेदीखतं, पत्रं, हिशेब मात्र या भरभर लिहायच्या लिपीत. आपल्याकडं पोथी बाळबोधीत आणि दफ्तर मोडीत, तसंच काहीसं.

या लिपीच्या नादी लागला बर्लिनचा एक शाळकरी मुलगा, हाइनरिख ब्रुग्श. जन्म १८२७ चा, वडील घोडदळात. शाळेत असतानाच त्यानं डेमॉटिकचा अभ्यास मांडला आणि १८४८ मध्ये, एकविसाव्या वर्षी, त्याचं लॅटिन पुस्तक छापून आलं. पुढं १८५५ मध्ये व्याकरण आणि १८६७ ते १८८२ या काळात सात खंडांचा कोश. एवढ्यावरही त्याचं नाव राहिलं असतं.

मला मात्र तो आठवतो एका शाळेमुळं. १८७० च्या सुमारास खेदिव इस्माईलच्या सरकारनं कैरोत प्राचीन भाषेची शाळा काढली आणि ब्रुग्शच्या हाती दिली. इजिप्तचीच मुलं फॅरोंची लिपी गिरवू लागली. पुराणवस्तू खात्याचा फ्रेंच प्रमुख मारिएत हा ब्रुग्शचा जिवलग मित्र. पण ही मुलं शिकली तर उद्या खात्यातल्या जागा मागतील, अशी त्याला धास्ती. संग्रहालयातले लेख त्यांना उतरवून घेऊ देऊ नका, असा हुकूम त्यानं सोडला. शाळा काही वर्षांतच बंद पडली.

त्यातलाच एक विद्यार्थी अहमद कमाल. त्यानं कुठं मास्तरकी, कुठं दुभाष्याचं काम केलं. मारिएत १८८१ मध्ये वारला, त्यानंतर कमालला संग्रहालयात जागा मिळाली. त्याच वर्षी देर अल-बहरीला राजांच्या ममी सापडल्या. त्या बाहेर काढायला ब्रुग्शचा भाऊ एमिल गेला, सोबत कमालही. पुढं कमालनं प्राचीन इजिप्शियन भाषेचा बावीस खंडांचा अरबी कोश रचला. १९२३ मध्ये तो वारला, तेव्हा कोश हस्तलिखितातच होता.

मी कविता लिहितो म्हटल्यावर, ‘तुम्ही मराठीत कसे?’ असं विचारणारे अजूनही भेटतात. तेव्हा मला संग्रहालयात कोरे कागद घेऊन थांबलेली ती मुलं आठवतात. ब्रुग्शचे सात खंड मोठेच. पण त्यानं ती मुलं फळ्यासमोर बसवली, हे मला अधिक मोलाचं वाटतं.