३२१ भोकांचे सॉकेट

कॉम्प्युटर जुना झाला, संथ झाला, की घरोघर एकच प्रश्न निघतो. मदरबोर्ड तर चांगला आहे, मग नुसता प्रोसेसर बदलून भागेल का? मला हा प्रश्न इतक्या जणांनी विचारला आहे, की उत्तर तोंडपाठ झाले आहे. आधी सॉकेटचे नाव सांगा! प्रोसेसर ज्या चौकोनी बैठकीत बसतो, ते सॉकेट. पण या साध्या उत्तरामागे चाळीस वर्षांचे भांडण आहे.

आयबीएमने १९८१ साली आपला पर्सनल कॉम्प्युटर आणला, तेव्हा प्रोसेसर इंटेलचा घेतला. मात्र एवढ्या मोठ्या कंपनीला एकाच पुरवठादारावर विसंबून राहायचे नव्हते. तोच माल बनवणारा दुसरा कारखाना हवा, असा तिचा आग्रह होता. म्हणून १९८२ मध्ये इंटेलने एएमडीशी करार केला. तोच प्रोसेसर, त्याच पिना, बनवणारे मात्र दोघे. पुढे १९८५ मध्ये ३८६ आला आणि इंटेलने त्याचा आराखडा द्यायला नकार दिला. प्रकरण लवादाकडे आणि कोर्टात गेले. एएमडीने १९९१ मध्ये स्वतःचा ३८६ काढला, तो इंटेलच्या जागी बरोबर बसत होता. नुसत्या आकड्यावर ट्रेडमार्क सांगता येत नाही, असे अमेरिकेतल्या न्यायालयानेही त्याच वर्षी म्हटले. त्यानंतरच्या प्रोसेसरला ५८६ न म्हणता पेन्टियम का म्हटले, ते आता तुमच्या लक्षात आले असेल.

१९९३ साली आलेल्या या पेन्टियमच्या घडणीत ज्यांचे नाव घेतले जाते, ते विनोद धाम पुण्यात जन्मलेले. १९९५ मध्ये ते इंटेल सोडून नेक्सजेन या छोट्या कंपनीत गेले. नेक्सजेनचा प्रोसेसर वेगाला कमी नव्हता, पण तो पेन्टियमच्या मदरबोर्डवर बसत नसे. त्याला स्वतःचा वेगळा बोर्ड लागे. आता तुम्हीच सांगा, एका प्रोसेसरपायी अख्खा बोर्ड कोण बदलणार? १९९६ मध्ये एएमडीने ही कंपनी ताब्यात घेतली. नेक्सजेनचा पुढचा आराखडा पेन्टियमच्या सॉकेटात बसेल असा फिरवून घेण्यात आला आणि १९९७ च्या एप्रिलमध्ये तो ‘के-सिक्स’ या नावाने बाजारात आला. ज्यांनी पेन्टियम घडवला, त्यांचाच हातभार लागलेला प्रोसेसर पेन्टियमच्या जागेवर हक्क सांगायला आला होता!

ही जागा म्हणजे सॉकेट सात. तिला ३२१ भोके. तिच्यात इंटेल बसे, एएमडी बसे, सायरिक्स बसे. माझ्या मते ग्राहकाच्या दृष्टीने तो सगळ्यात चांगला काळ. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुळणी करून घेताना खिशाला परवडेल तो प्रोसेसर निवडावा, बोर्ड तोच. अर्थात तेव्हाही सगळे सरळ नव्हते. साध्या पेन्टियमच्या गाभ्याला ३.३ व्होल्ट लागत, एमएमएक्स पेन्टियमला २.८, तर के-सिक्सला वेगाप्रमाणे २.९ किंवा ३.२. बोर्डावरच्या जंपर नावाच्या इवल्या टोप्या बदलून हे व्होल्टेज जुळवावे लागे. बोर्डाबरोबर आलेल्या पुस्तिकेतला जंपरचा तक्ता ज्याने हरवला, त्याची पंचाईत. भोके सारखी म्हणून प्रोसेसर चालेलच असे नाही, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

मग १९९७ च्या मे महिन्यात इंटेलने सॉकेटच बाजूला ठेवले. पेन्टियम टू आला तो व्हिडिओ कॅसेटसारख्या काळ्या डबीत, उभा खोचायचा. त्या खाचेला स्लॉट वन म्हणत. कॅश मेमरीच्या वेगळ्या चिप्स प्रोसेसरशेजारी बसवण्यासाठी पट्टी लागते, हे तांत्रिक कारण खरेच होते. पण या खाचेचा परवाना एएमडीकडे नव्हता, हेही तितकेच खरे, आणि हा केवळ योगायोग होता असे मला वाटत नाही. एएमडीने जुन्याच सॉकेटचा बस ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेऊन तग धरला. १९९९ मध्ये तिने ॲथलॉन आणला, तो स्वतःच्या स्लॉट ए मध्ये. गंमत म्हणजे खाच दिसायला इंटेलसारखीच, फक्त उलटी फिरवलेली, आणि विजेच्या जोडण्या सर्वस्वी निराळ्या. तिथून बोर्डांचे घराणे दुभंगले ते दुभंगलेच. पुढे कॅश प्रोसेसरच्याच पोटात गेली, डब्या संपल्या, दोघेही सॉकेटकडे परतले, पण आपापल्या.

नंतरच्या फसगती निराळ्या जातीच्या. २००१ मधला ‘टुआलाटिन’ पेन्टियम थ्री जुन्या सॉकेट ३७० मध्ये नीट बसे, पण जुन्या बोर्डावर चालत नसे. २००६ चा कोअर टू ड्युओ ७७५ च्या सॉकेटात बसे, तरी २००४ चे कित्येक बोर्ड त्याला वीज पुरवायला असमर्थ होते. २०१७ मध्ये इंटेलची आठवी पिढी आली. सॉकेट ११५१ च, चिपसेट मात्र नवा हवा. किल्ली कुलपात शिरते, पण फिरत नाही, असा प्रकार.

उलट बाजूचे उदाहरण एएमडीच्या एएम-फोर सॉकेटचे. रायझन प्रोसेसर या सॉकेटासाठी २०१७ मध्ये आले. २०२० च्या मे महिन्यात कंपनीने सांगितले, की येणारी पिढी फक्त नव्या चिपसेटवर चालेल. जुन्या बोर्डांच्या बायोसची चिप लहान, तिच्यात सगळ्या प्रोसेसरांची माहिती मावत नाही, हे कारण. ग्राहकांनी एवढा गदारोळ केला, की काही दिवसांतच कंपनीने माघार घेतली, आणि २०२२ मध्ये तर अगदी पहिल्या, २०१७ च्या बोर्डांनाही परवानगी मिळाली. काही बोर्डांच्या नव्या बायोसमधून त्यासाठी जुन्या प्रोसेसरांची नावे काढावी लागली.

म्हणून एएम-फोरचा बोर्ड घरात असेल, तर बोर्डाचे पूर्ण नाव पाहा, उत्पादकाच्या यादीत हवा तो प्रोसेसर कितव्या बायोसपासून चालतो ते शोधा, आणि जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस बदलून घ्या. आधी नवा बसवला, तर अनेक बोर्ड सुरूच होत नाहीत, आणि दुकानदाराकडून जुना प्रोसेसर तासाभरासाठी उसना आणायची वेळ येते.